मर नाही, तरी बाजारात विषाणू आहे

प्रश्न: आमच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारात चाळीस गाळे आहेत. कोंबड्यांबरोबर बदकं, लावे आणि कबुतरंही विकली जातात. पशुवैद्यकांनी विष्ठा, पिण्याचं पाणी आणि पिसं काढायच्या यंत्राचे नमुने नेले. त्यात एच९एन२ हा बर्ड फ्लूचा प्रकार सापडला. पण बाजारात मर नाही, पक्षी आजारी नाहीत, माणसंही ठणठणीत आहेत. हा प्रकार सौम्य असतो असं सगळे सांगतात, त्यामुळे व्यापारी म्हणतात, ‘कशाला उगाच खर्च?’ समितीतल्या काहींना मात्र बाजार महिनाभर बंद करायचा आहे. आम्ही रोज संध्याकाळी पाणी मारतो, ब्लीचही टाकतो. मग चुकतं कुठे? बाजार बंद न करता काय करता येईल?
— सचिव, बाजार समिती

उत्तर: नमस्कार.

व्यापाऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एच९एन२ने कोंबड्या पटापट मरत नाहीत. थोडी घरघर, शिंका, खाणं कमी होणं, अंडी घटणं एवढ्यावर भागतं, ई. कोलायसारख्या जिवाणूची जोड मिळाली की मर वाढते. माणसांत सापडलेले बहुतेक रुग्ण लहान मुलं आहेत आणि त्यांचा आजारही बहुधा सौम्यच होता. पण मर नाही म्हणून बाजार सुरक्षित आहे, असं मात्र म्हणता येत नाही. हाँगकाँगला हे १९९७ साली कळलं.

त्या वर्षी तिथे १८ माणसांना एच५एन१ या बर्ड फ्लूच्या घातक प्रकाराची लागण झाली आणि त्यातली ६ दगावली. डिसेंबरात बाजारांतल्या कोंबड्यांच्या विष्ठेचे नमुने तपासले, तर साधारण २० टक्के नमुन्यांत एच५एन१ निघाला. प्रयोगशाळेत हाच विषाणू कोंबड्यांना काही दिवसांत मारत होता, बाजारात मात्र बऱ्याच कोंबड्या धडधाकट दिसत होत्या. कारण पुढच्या प्रयोगांत सापडलं. आधी एच९एन२ होऊन गेलेल्या कोंबड्यांना एच५एन१ दिला तर त्या जगत होत्या, पण विष्ठेतून विषाणू टाकत होत्या. दोन्ही विषाणूंची बाहेरची प्रथिनं (नावातले ‘एच’ आणि ‘एन’) वेगळी, आतली मात्र बरीच सारखी. त्यामुळे पेशींच्या पातळीवरची प्रतिकारशक्ती जीव वाचवण्याइतकी पुरली, विषाणू थांबवण्याइतकी नाही. तुमच्या बाजारातला एच९एन२सुद्धा उद्या एखाद्या घातक प्रकाराची मर अशीच झाकू शकतो. मर दिसली की जागे होऊ, असं समितीने ठरवलं असेल तर तो निकष आत्ताच काढून टाका.

दुसरं कारण याहून मोठं आहे. बर्ड फ्लूच्या विषाणूची जनुकं एका सलग दोरीवर नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच कोंबडीच्या एकाच पेशीत दोन प्रकार शिरले की बाहेर पडणाऱ्या विषाणूत कोणता तुकडा कोणाकडून येईल याचा नेम नाही. दोनाचा आठवा घात म्हणजे २५६ जुळण्या; मूळचे दोन सोडले तर २५४ नव्या. त्यातल्या बहुतेक टिकत नाहीत, पण टिकणारी एक पुरते. २०१३च्या मार्चअखेर चीनने माणसांतला एच७एन९ जाहीर केला. त्याचा एच७ बदकांच्या विषाणूंकडून आला होता, एन९ रानपक्ष्यांच्या विषाणूंकडून, आणि आतले सहाच्या सहा तुकडे कोंबड्यांतल्या एच९एन२चे होते. त्याच वर्षी माणसांत सापडलेल्या एच१०एन८चे आतले तुकडेही एच९एन२कडूनच आले होते. ही सहा तुकड्यांची जुळणी कोंबडीच्या शरीरात उत्तम चालते. बदकांतला एखादा विषाणू कोंबडीत नीट वाढत नसेल, तर त्याला ती आयती मिळते. एच७एन९ने पुढच्या काही वर्षांत प्रयोगशाळेत निश्चित झालेले १,५६८ रुग्ण आणि किमान ६१६ मृत्यू मागे ठेवले, आणि सुरुवातीची चार वर्षं तो कोंबड्यांत जवळपास काहीच लक्षण दाखवत नव्हता.

तुकड्यांच्या अदलाबदलीखेरीज रोजची चूक-दुरुस्तीही चालू असते. चूकच म्हणायला हवं, कारण या विषाणूच्या नक्कल करणाऱ्या यंत्रणेत दुरुस्तीची सोय नाही. प्रत्येक पिढीत थोडे बदल होतात आणि बाजारातली परिस्थिती त्यातले सोयीचे निवडते. त्यातले तीन बदल ओळखीचे असलेले बरे, कारण अहवालात त्यांचा उल्लेख येऊ शकतो. एक, न्यूरामिनिडेज (नावातला ‘एन’) प्रथिनाचा देठ आखूड होणं. पाणपक्ष्यांतला विषाणू कोंबडीत रुळल्याची ही खूण. दोन, हिमॅग्लुटिनिन (नावातला ‘एच’) प्रथिनात २२६व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, येणं. त्यामुळे विषाणू माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींना जास्त चांगला चिकटतो, आणि बाजारातल्या बऱ्याच एच९एन२मध्ये ते आधीच असतं. तीन, नक्कल करणाऱ्या यंत्रणेतल्या पीबी२ प्रथिनाच्या ६२७व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल. पक्ष्याच्या आतड्यात साधारण ४१ अंश सेल्सिअस तापमान असतं, माणसाच्या नाकात ३३च्या आसपास. या बदलाने विषाणूला थंड जागेत वाढता येतं. तिसरा बदल बहुतेकदा माणसाला लागण झाल्यावर त्याच्या शरीरातच निवडला जातो, म्हणून तो बाजाराच्या नमुन्यात दिसला तर पशुवैद्यक लगेच फोन करतील.

एच५ आणि एच७ यांच्या बाबतीत आणखी एक जागा महत्त्वाची आहे. हिमॅग्लुटिनिन कापलं गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य प्रकारात ते कापणारी विकरं फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. त्या जागी आर्जिनिन-लायसिनची रांग तयार झाली की शरीरातल्या सगळ्या अवयवांत असणारं फ्युरिन नावाचं विकर ते कापतं, आणि सौम्य विषाणू घातक होतो. न्यूयॉर्क आणि आसपासच्या जिवंत पक्ष्यांच्या बाजारांत १९९४ ते २००६ एच७एन२ फिरत राहिला, आणि त्या काळात या जागेवर अशी अमिनो आम्लं एकेक करून वाढत गेलेली नोंदवली गेली. तो घातक होण्याआधी हटला. चीनचा एच७एन९ मात्र चार वर्षांनी, २०१६-१७च्या हंगामात घातक झाला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. लागण झालेली कोंबडी साधारण एका दिवसात विषाणू टाकायला लागते आणि पुढे आठवडाभर टाकत राहते. सकाळी आलेल्या कोंबडीला बाजारातच लागण झाली आणि संध्याकाळी ती कापली गेली, तर तिच्याकडून दुसरीला फारसं काही जात नाही. तीच कोंबडी रात्रभर पिंजऱ्यात राहिली, तर दुसऱ्या दिवशी ताजा माल येतो तेव्हा ती भरात असते. कालचे उरलेले पक्षी म्हणजे आजच्या मालाला लावलेलं विरजण. रोज नवे, लागण न झालेले पक्षी येतात, रोज थोडे जुने उरतात, आणि साखळी कधीच तुटत नाही. तुमचा बाजार किती वर्षांत एकदाही पूर्ण रिकामा झालेला नाही ते जुन्या माणसांना विचारा; तो विषाणू निदान तितकी वर्षं तिथे राहू शकला असता.

म्हणून खर्च करायची तयारी एकाच गोष्टीपुरती असेल तर ती ही करा: रात्री बाजारात एकही जिवंत पक्षी नको. हाँगकाँगने टप्प्याटप्प्याने उपाय केले. १९९८मध्ये बदकं आणि हंस वेगळे केले, २००१मध्ये महिन्यातून एक रिकामा दिवस ठेवला, २००२मध्ये लाव्यांची विक्री थांबवली, २००३मध्ये दुसरा रिकामा दिवस जोडला आणि २००८मध्ये रात्री पक्षी ठेवायला बंदी केली. या शेवटच्या उपायाने कोंबड्यांतला एच९एन२ फार मोठ्या प्रमाणात खाली आला. गाळेवाल्यांसाठी याचा अर्थ असा की मागणी बघून माल मागवायचा, दुपारनंतर नवी गाडी घ्यायची नाही, आणि उरलेले पक्षी बंद होण्याआधी कापून शीतपेटीत ठेवायचे. उरलेला माल फार्मवर परत पाठवणं सर्वांत वाईट. त्याने बाजारातला विषाणू पिल्लांपर्यंत पोचतो आणि मोठा होऊन परत येतो.

दुसरा उपाय जातींचा. बदकं एकाच आवारात नकोत. ती बहुधा आजारी दिसत नाहीत आणि विष्ठेतून विषाणू टाकत राहतात. शेजारच्या पिंजऱ्याला सामायिक पाण्याची नळी असेल तर काम झालंच. लावे छोटे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण त्यांच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या अशा दोन्ही धर्तीच्या विषाणूंना चिकटायला जागा असतात. जनुकांच्या देवाणघेवाणीसाठी याहून सोयीचा पक्षी बाजारात नाही. बदकं आणि लावे वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसांकडून, वेगळ्या पिंजऱ्यांत विकता येत नसतील तर बंद करा. कबुतरांची चिंता त्यामानाने कमी. पण पिंजऱ्यांची उतरंड असेल तर कबुतरांसकट सगळ्यांच्या खाली सलग तबक लावा, वरची विष्ठा खालच्यांच्या पाण्यात पडू नये.

आता पाणी मारणं. इथे बहुतेक बाजारांची चूक एकच असते: ब्लीच विष्ठेवर ओततात. ओल्या विष्ठेतला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि विषाणूसाठी काही उरत नाही. वर विष्ठेतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होतं, त्याने डोळे आणि घसा झोंबतो. वास तीव्र येतो म्हणून कामगारांना वाटतं औषध जोरात काम करतंय. घडतं नेमकं उलट. दुसरी चूक म्हणजे पक्षी पिंजऱ्यात असतानाच उच्चदाबाची नळी मारणं. त्याने विष्ठेचे थेंब हवेत उडून पक्ष्यांच्या आणि माणसाच्या नाकातोंडात जातात.

क्रम असा ठेवा. आधी गाळा पूर्ण रिकामा. सुकी विष्ठा आणि पिसं थोडी ओलसर करून खरवडा, पिशवीत बांधा. मग साबण किंवा डिटर्जंटचं पाणी आणि ब्रश. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, त्यामुळे साबणानेच बराच मरतो. नंतर कमी दाबाने धुवा आणि पाणी निथळू द्या. पाणी साचलेल्या जागी औषध पातळ होतं, म्हणून फरशीला उतार नसेल तर वायपर मारा. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांचं एक लिटर आणि पाणी नऊ लिटर, म्हणजे ०.५ टक्के. खडबडीत सिमेंटसाठी एक लिटरला चार लिटर पाणी घ्या, १ टक्का होतं. पृष्ठभाग निदान १० मिनिटं ओला राहायला हवा. उन्हात वाळला तर परत मारा. धातू गंजतो, म्हणून शेवटी धुवून घ्या. द्रावण रोज नवं करा, डबा सावलीत आणि बंद ठेवा, आणि आम्ल असलेल्या फरशी-सफाईच्या द्रवात चुकूनही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. सगळं झालं की रात्रभर वाळू द्या. थंड, ओलसर विष्ठेत हा विषाणू ४ अंशांना महिनाभर टिकू शकतो, ३७ अंशांना साधारण सहा दिवस.

लाकडी आणि बांबूचे पिंजरे या पद्धतीने निर्जंतुक होत नाहीत, ते बदला. तुकडे करायचा लाकडी ठोकळाही तसाच. पिसं काढायच्या यंत्राची रबरी बोटं सोडवून आठवड्यातून एकदा वेगळी धुवा, कारण त्यांच्या मुळाशी साचलेला गाळ वरून मारलेल्या पाण्याने निघत नाही. हे यंत्र थेंब उडवतं, त्यामुळे ते जिवंत पक्ष्यांपासून आणि गिऱ्हाइकांपासून भिंतीआड हवं.

महिन्यातून निदान एक दिवस सगळे चाळीस गाळे एकाच वेळी रिकामे ठेवा. आळीपाळीने सुट्टी दिली तर उपयोग नाही. चालू गाळ्यातून दुसऱ्या दिवशी सगळीकडे लागण पसरते.

गाड्या आणि क्रेट हा दुर्लक्षित भाग. फार्मचे क्रेट बाजारात आत येऊ देऊ नका. दाराशी पक्षी बाजाराच्या वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये उतरवा, फार्मचे क्रेट तिथेच धुवून, वाळवून परत पाठवा. गाडीची चाकं आणि चालकाचे बूटही धुतले जावेत. ओले क्रेट घाईने परत नेणं हीच पद्धत सगळीकडे असते, आणि त्यामुळेच बाजारातला विषाणू फार्मच्या दारापर्यंत जातो.

बाजार महिनाभर बंद करावा का? शांघाय, हांगझो, हूझो आणि नानजिंगमध्ये २०१३ साली बाजार बंद केल्यावर माणसांतले एच७एन९चे रुग्ण ९७ टक्के आणि त्याहून जास्त घटले. माणसं मरत असतील तर बंद करणं हाच उपाय आहे. पण चीनमध्येच बंद बाजारांकडचा माल शेजारच्या भागांत वळला आणि तिथे विषाणू पोचल्याचंही दिसलं. न्यूयॉर्कच्या बाजारांनी २००२मध्ये तीन दिवस एकदम बंद करून, धुऊन, तपासलेले पक्षी आणले; तरी काही आठवड्यांत एच७एन२ परत सापडला, कारण पुढची रोजची पद्धत बदललेली नव्हती. तुमच्या बाबतीत माणसांत आजार नाही, म्हणून महिनाभराच्या बंदीपेक्षा आधी तीन रिकामे दिवस आणि त्यानंतर रात्रीची बंदी हे जास्त काळ टिकेल, असं आमचं मत आहे. शेजारच्या बाजारांशी एकच तारीख ठरवा.

उपाय लागू पडले की नाही हे नमुन्यांवरून कळतं, फक्त वेळ नीट निवडायला हवी. बंद करताना, धुण्याआधी एक संच घ्या. दुसऱ्या दिवशी पक्षी येण्याआधी दुसरा. आणि गाडीतून उतरतानाच पक्ष्यांचे स्वॅब हा तिसरा. जागा: पिण्याचं पाणी, पिंजऱ्याचा तळ, पिसांचं यंत्र, ठोकळा, कचऱ्याचा डबा, नाली. गाडीतल्या पक्ष्यांत काही नाही आणि संध्याकाळी सापडतो, तर विषाणू बाजारात वाढतोय आणि रिकामा दिवस, रात्रीची बंदी यांचा उपयोग होईल. गाडीतच सापडला तर दुखणं फार्मवर आहे. बाजार कितीही धुतला तरी तो परत येईल. हाँगकाँगमध्ये रिकाम्या दिवसाने एच९एन२ घटला, पण राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाचा विषाणू नाही, कारण तो फार्मवरूनच येत होता. सकाळच्या संचात पीसीआर पॉझिटिव्ह आला तर लगेच घाबरू नका. पीसीआरला मेलेल्या विषाणूचं जनुकही सापडतं. जिवंत आहे का हे अंड्यात वाढवून प्रयोगशाळाच सांगेल. अहवालातला सीटी आकडा (विषाणू सापडायला पीसीआरला लागलेली चक्रं) वाढत गेला, म्हणजे विषाणू कमी होतोय.

किती नमुने घ्यायचे? पाच टक्के पक्ष्यांत लागण असेल आणि ती ९५ टक्के खात्रीने पकडायची असेल तर निदान ५९ पक्षी तपासावे लागतात. एक टक्क्यासाठी २९९. एका नळीत पाच स्वॅब एकत्र करून खर्च वाचतो. दहा नमुने घेऊन ‘काही नाही’ असा अहवाल आला तर त्याला फारसा अर्थ नाही.

लसीचा प्रश्न व्यापारी नक्की काढतील. लसीने मर आणि विषाणूचं प्रमाण घटतं, पण लागण पूर्ण थांबतेच असं नाही, आणि विषाणू बदलून लसीपासून सुटतो. चीनच्या लस दिलेल्या कोंबड्यांत २०१० ते २०१३मध्ये एच९एन२चा नवा प्रकार पसरला आणि एच७एन९ला तुकडे पुरवणारा तोच होता. एच५-एच७ची लस २०१७मध्ये दिल्यावर मात्र माणसांतले एच७एन९चे रुग्ण जवळपास थांबले. म्हणून लस हवी असल्यास ती फार्मवर, सध्याच्या विषाणूशी जुळणारी आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. बाजारात आलेल्या पक्ष्याला देऊन उपयोग नाही; प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात तो विकला जातो.

कामगारांसाठी: कापणं आणि पिसं काढणं यासाठी एन९५ मास्क, चष्मा, हातमोजे, धुता येणारा एप्रन. ताप आणि खोकल्यासारखेच लाल डोळेही लक्षणांत धरा; नेदरलँड्समध्ये २००३च्या एच७एन७ साथीत ८९ जणांना लागण झाली, बहुतेकांचे डोळे आले होते, आणि एक पशुवैद्य दगावला. पक्ष्यांशी शेवटचा संपर्क आल्यापासून दहा दिवसांत अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांना ‘मी जिवंत पक्ष्यांत काम करतो’ हे पहिल्या वाक्यात सांगायला शिकवा. ऑसेल्टामिविर ही फ्लूवरची गोळी ४८ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते, म्हणून अहवालाची वाट न पाहता डॉक्टर ती सुरू करू शकतात. माणसांच्या फ्लूची वार्षिक लस सगळ्यांना द्या. बर्ड फ्लू तिने थांबत नाही, पण एकाच माणसात दोन्ही विषाणू एकत्र येण्याची शक्यता घटते.

पुढच्या अहवालात एच५ किंवा एच७ आला तर वरचं वेळापत्रक बाजूला ठेवा. दार बंद करा, पक्षी बाहेर जाऊ देऊ नका आणि आत येऊ देऊ नका, कालच्या गाड्यांची आणि फार्मची यादी काढा, आणि त्याच तासाला पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. ते येईपर्यंत झाडणं, धुणं, कापणं सगळं थांबवा. आत कोण कोण होतं त्यांची नावं लिहून ठेवा.